कुशीतला झोळ

१

वैदेहीचं वजन घटलं होतं, आणि तेवढ्या एका गोष्टीने शलाकाची सबंध रात्र खाल्ली.

फार घटलं नव्हतं. डॉक्टर तर म्हणाले, मुलं पळायला लागली की असं होतं. "आई, हिला काहीही झालेलं नाही. तुम्ही मोबाइलवर शोधणं तेवढं कमी करा." शलाकाने समजूतदारपणे मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता मोबाइल काढला. तीन वर्षांच्या मुलीचं वजन, एवढं टाइप केल्यावर पुढचे शब्द मोबाइलनेच सुचवले. म्हणजे अशा आया आणखीही होत्या. याचा दिलासा मानावा की धसका घ्यावा, ते तिला कळेना.

जितेश, तिचा नवरा, अंबरनाथ एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून नुकताच आडवा झाला होता. तिने त्याला हलवलं.

"अगं, दिवसभर नाचते ती. अंगावर चढणार कुठून?"

"नाचणारी सगळीच पोरं वाळतात का?"

"सगळ्यांच्या आया तराजू घेऊन बसत नाहीत," तो म्हणाला आणि झोपला. बोलणं संपताक्षणी झोपून जाण्याची त्याची ही विद्या लग्नाच्या पहिल्या आठवड्यात तिला गोड वाटली होती.

उजाडल्यावर मात्र नेहमीचं काम होतं, आणि काम असलं की शलाका बरी असायची. चित्रकला शिक्षिकेचा डिप्लोमा, पोटापुरती शाळेची नोकरी, मग वैदेही, मग घर. या घसरगुंडीच्या तळाशी तिला एक धंदा सापडला होता. लोकांचे फोटो आणि चित्रं कॅनव्हासवर छापून आणायची, आणि तो कॅनव्हास घरीच लाकडी चौकटीवर ताणून द्यायचा. हॉलमध्ये लावायला धावते घोडे, पिंपळपानावरचे बुद्ध, साखरपुड्यातली जोडपी. आणि अलीकडे जास्त करून गेलेली माणसं.

ताणण्याची एक रीत असते. आधी चारी बाजूंच्या मधोमध एकेक पिन ठोकायची. मग रुंद तोंडाच्या पकडीने कापड ओढत समोरासमोर, थोडं इकडे, थोडं तिकडे, असं करत कोपऱ्यांकडे सरकायचं. घाई करून एकीकडूनच ओढत गेलं की चित्रातल्या माणसाचा जबडा वाकडा होतो. हे ती एका नवरदेवावर शिकली होती, आणि त्या घरच्यांनी तिला पुन्हा कधी फोन केला नव्हता. सगळ्यात शेवटी पाठीमागून बोटाने टिचकी मारायची. डफासारखा आवाज आला की काम झालं. वैदेही तेव्हा जवळच लाकडाच्या तुकड्यांशी खेळत असायची आणि आवाजाआधीच तोंडाने "टम" म्हणायची.

त्या सकाळी ती "टम" म्हणाली, आणि शलाकाला वाटलं, डॉक्टर म्हणतात तेच खरं. आपणच वेड्या.

२

धर्मेश शलाकाच्याच हेंद्रेपाड्यातला, जुन्या घरचा. शलाकाची बिल्डिंग उभी होती ती जागा एके काळी त्यांच्या भाताची. "ताई, तुमचा किचन हाय ना, तिथं आमची भाताच्या भाऱ्यांची उडवी रचायचे," असं तो आला की सांगायचा, आणि मग त्या जुन्या हक्काने चहा प्यायचा.

त्याची आई ठमाबाई गेली त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला भिंतीवर मोठा फोटो लागायला हवा होता. त्याने जुन्या फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला.

"आय फोटोला उभीच नाय राहायची. तोंडावर पदर घ्यायची नायतर पळायची. हा एकच हसरा हाय."

कुणाच्या तरी हळदीचा मांडव होता. लोखंडी खुर्चीत ठमाबाई बसलेली, काष्ट्याचं लाल लुगडं, कपाळभर कुंकू, गालाला हळद. तिच्या डाव्या हाताच्या कुशीत दीड-दोन वर्षांचं उघडं पोर, हळदीने पिवळंधमक झालेलं. तिला कॅमेऱ्याची शुद्ध नव्हती. ती पोराकडे बघून हसत होती.

"हा कोण?"

"मीच की." धर्मेश चक्क लाजला. "याला काढायला लागंल, ताई. आयला हार घालायचाय. हार पडतो त्या फोटोत जिता माणूस नको."

हे शलाकाला सांगायला नको होतं. तिच्या सासरीही हेच, माहेरीही हेच. हार पडणाऱ्या फोटोतून तिने आजवर जावयांची कोपरं काढवली होती, नवऱ्या मुली काढवल्या होत्या, एकदा एक जिवंत बैलही. बैल कशाला, असं तिने विचारलं, तर त्या आजोबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने पुढे काही विचारलं नाही.

"पण मग त्या हसतायत कुणाकडे बघून, ते कळणार नाही," ती म्हणाली.

"आमाला म्हायती हाय ना," धर्मेश म्हणाला आणि कप खाली ठेवला.

३

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत भूपेशभाईंचं छपाईचं दुकान. दोन्ही बाजूंनी मशिनींची घरघर, मधोमध भूपेशभाई, सिंधी हिंदीत मराठी कालवून बोलणारे. वैदेहीला कडेवर घेऊन शलाका शेअर रिक्षातून उतरली तेव्हा त्यांनी फाइल उघडूनच ठेवली होती.

"बच्चा साफ. खाली लुगड्याचाच कपडा भर दिया. बघा, कळतंय का कुठं?"

कळत नव्हतं. जिथे पोर होतं तिथे लाल निऱ्या आल्या होत्या, अगदी खऱ्या वाटाव्यात अशा. पण हात होते तसेच होते. डावा कोपरात वाकलेला, तळवा वर, बोटं किंचित फाकलेली. उजवा वरून थोपटायला आल्यासारखा.

"हातांचं काय करायचं, भूपेशभाई?"

"हात नीचे करने जाऊं, तो पूरा बदन नया बनाना पडेगा. मग ती आई दुसऱ्याच कुणाची आई दिसेल. चलेगा पार्टी को?"

चालणार नव्हतं. छपाई सुरू झाली. मशिनीतून ठमाबाई इंचाइंचाने बाहेर येत होती. आधी कपाळ, मग ते हसू, मग ते हात. शलाकाच्या मनात आलं, हिच्या हातातून कुणीतरी काहीतरी काढून नेलंय, आणि हिला अजून पत्ताच नाही.

"बाळ कुठेय?" कडेवरून वैदेहीने विचारलं.

तिने मूळ फोटो पाहिलेला नव्हता. शलाकाने स्वतःला लगेच समजावलं की असे हात पाहिले की कुणालाही बाळ आठवेल. भूपेशभाई तर हसून म्हणाले, "लडकी होशियार है, दुकान पे बिठाओ."

वैदेही हसली नाही. ती छापून निघालेल्या गुंडाळीकडे बघत राहिली.

४

मार्गशीर्ष होता. टाचांना भेगा पडाव्यात अशी कोरडी हवा. या दिवसांत कापड कधी दगा देत नाही. पावसाळ्यात ते हवेतलं पाणी पिऊन ढिलं पडतं, थंडीत आपणहून आवळतं. शलाकाने ठमाबाईला रीतसर ताणलं. मधोमध, समोरासमोर, कोपरे. टिचकीचा आवाज इतका चोख आला की वैदेही टाळ्या वाजवून नाचली. मग जेवण, मग वैदेहीची दुपारची झोप. चौकट हॉलच्या भिंतीला टेकवून शलाका भांडी घासायला गेली.

परत आली तेव्हा कापडाला झोळ पडला होता.

सगळीकडे नव्हता. फक्त कुशीत. डाव्या कोपराच्या आत, भूपेशभाईंनी लाल निऱ्या भरल्या होत्या नेमका तेवढाच भाग आत दबला होता. समोरून खळगा, मागून फुगीर. बाकी कापड तसंच ताठ.

लाकूड ओलं असेल, हा पहिला विचार. पण लाकूड वाकलं तर कोपरा ढिला पडतो, मधला एक वीतभर तुकडा नाही. वैदेही टेकली असेल, हा दुसरा. वैदेही उठल्यावर तिने विचारलं.

"तू आजीच्या फोटोला टेकलीस का गं?"

"मी झोपले होते ना," वैदेही म्हणाली. ते खरंच होतं.

शलाकाने पाठीमागून पाण्याचा हलका फवारा मारला, हेअर ड्रायर फिरवला, कोपऱ्यांत लाकडी पाचरी ठोकल्या. कापड आवळून आलं. टिचकी पुन्हा चोख वाजली. संध्याकाळी तिने जितेशला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कापडच आहे. तू माणसासारखी त्याची काळजी करतेस." तिला ते पटलं. ती चपात्यांचीही काळजी करायची.

रात्रभर वैदेही शलाकाच्या कुशीत होती आणि सकाळी कापड ताठच होतं. दुसऱ्या दुपारी झोळ पुन्हा पडला. त्याच जागी. वैदेही झोपली होती तेव्हा.

५

शिकलेलं माणूस अशा वेळी प्रयोग करतं. तिसऱ्या दुपारी शलाकाने वैदेहीला झोपूच दिलं नाही. कार्टून लावलं, कणकेचे साप करायला दिले, बाल्कनीतून खालची मांजरं मोजायला लावली. कापड ताठ राहिलं. शलाकाला स्वतःचं हसू आलं, पण प्रयोग सफल व्हावा असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

मग ती कुकर लावायला आत गेली, आणि पोर टीव्हीसमोर, हातात अर्धी चपाती धरून, बसल्या बसल्या झोपलं.

शलाकाला ते दिसलं नाही, ऐकू आलं. हॉलमधून एक बारीक करकर. झोपाळ्यात कुणी बसलं की कडीखालचा दोर बोलतो, तसा आवाज. भार येतो आहे आणि दोर तो घेतो आहे. मग पिनांची एकेक टिकटिक, लाकडातून किंचित सरकल्यासारखी. मग काही नाही.

ती ओल्या हातांनीच बाहेर आली. वैदेहीची मान कलली होती. समोर भिंतीला ठमाबाई टेकलेली, आणि कुशीतला खळगा आज आधीपेक्षा खोल होता.

शलाकाने चौकट भिंतीपासून हळूच पुढे ओढली आणि मागे हात घातला. फुगवटा तळव्यात मावला. तो ऊबदार होता.

कापडाची ऊब वेगळी असते. उन्हाची असली तर सगळीकडे सारखी असते. ही एकाच जागी होती. लहान मूल मांडीवरून उचललं की मांडीवर मागे राहते, तशी. आणि तळव्याखाली ते कापड अगदी हलकं, अगदी संथ वर येत होतं, खाली जात होतं.

पंख्याचा वारा, तिने स्वतःला सांगितलं. थंडी पडल्यापासून पंखा लावलेला नव्हता, हे तिला लगेच आठवलं, पण तिने ते स्वतःला सांगितलं नाही.

तिने धावत जाऊन वैदेहीला उचललं. भरलेली समजून आपण एखादी बाटली जोर लावून उचलतो आणि ती रिकामी निघते, तसे तिचे हात वर गेले. पोर जागं झालं, रडायला लागलं, चपाती मागायला लागलं. आणि हातांत, हळूहळू, थोडं थोडं करून, वजन आलं.

सगळं आलं का, ते तिला सांगता येईना.

६

डॉक्टरांकडे जायची तिला लाज वाटली. म्हणून ती खालच्या आनंदा वाण्याच्या दुकानात गेली आणि वैदेहीला सरळ काट्यावर बसवलं.

"वहिनी, कांद्याचा भाव लावू की बटाट्याचा?" आनंदा म्हणाला.

आकडा दवाखान्यातल्यापेक्षा खाली होता. चांगलाच खाली.

"काटा बरोबर आहे ना तुमचा?"

"गिऱ्हाइकाच्या बाजूनं कधीच चुकत नाय," आनंदा म्हणाला, आणि मग तिचा चेहरा बघून त्याने वैदेहीच्या हातात गुपचूप एक बिस्किटाचा पुडा दिला.

घरी आल्यावर शलाकाने फोटोचं तोंड भिंतीकडे केलं आणि वैदेहीला मांडीवर घेतलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला.

"बाळा, दुपारी झोपलीस की तू कुठे असतेस?"

"आजीकडे."

"गावच्या आजीकडे?"

वैदेहीने हनुवटीने भिंतीकडे दाखवलं. पुडा फोडण्यात तिचं जास्त लक्ष होतं.

"काय करते ती आजी?"

"काही नाही. धरते."

"कशी?"

वैदेहीने बिस्कीट खाली ठेवलं आणि करून दाखवलं. कोपर वाकवलं, तळवा वर, बोटं किंचित फाकवलेली. मग म्हणाली, "तू घट्ट धरतेस. ती असं नाही धरत."

भीती वाटायच्या आधी शलाकाला राग आला. रात्र रात्र जागून, डबे, डॉक्टर, तराजू, सगळं करून आपण, आणि एक अनोळखी बाई नुसती हात वाकवून बसलेली. त्या रागाचीच मग तिला जास्त भीती वाटली.

वैदेही खाली मैत्रिणीकडे खेळायला गेल्यावर तिने कटर काढला. पात्याचं टोक कापडाच्या पाठीला, कुशीच्या जागेला लावलं. कापड या वेळी थंड होतं, सपाट होतं, निव्वळ कापड होतं. तरी तिला ते कापवेना. समजा, सगळंच परत आलेलं नसलं, तर? थोडं अजून आतच असलं, तर? ज्या जागी आपलं पोर निजतं त्या जागी पातं कसं लावायचं?

मग तिला सुचलं ते इतकं साधं होतं की आधी का सुचलं नाही याचं नवल वाटावं. त्या हातांना त्यांचं पोर परत द्यायचं. कुशीत धर्मेश असलेला फोटो छापून आणायचा, तो या चौकटीवर ताणायचा. उद्याच्या वर्षश्राद्धाला धर्मेश हाराचं कुरकुरेल. त्याची काहीतरी समजूत घालता येईल. तिने भूपेशभाईंना फोन लावला. आधीची फाइल होती त्यांच्याकडे. "पहले निकालो, फिर डालो," ते म्हणाले. "आप भी ना, मॅडम. या उद्या."

७

दुसऱ्या दिवशी जितेशची साप्ताहिक सुटी होती. निघताना तिने त्याला बजावलं, हिला झोपू देऊ नकोस. त्याने "बरं" म्हटलं, बायको काहीही बोलली की म्हणायचं तसं.

ती नवी गुंडाळी घेऊन परतली तेव्हा दुपार कलली होती. हॉलमधली भिंत रिकामी होती.

"धर्मेश सकाळीच येऊन घेऊन गेला," जितेश म्हणाला. "आज आहे ना त्यांचं वर्षश्राद्ध. तू फोन उचलत नव्हतीस. मी म्हटलं, तयारच आहे तर घेऊन जा. तेवढाच तुझ्या डोक्याचा ताप कमी." त्याने खरंच मदत केली होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर त्याचं समाधान होतं.

"वैदेही कुठे?"

"झोपली. रडरड करून झोपली, मी काय करणार? बराच वेळ झाला. नको उठवू."

वैदेही पलंगावर कुशीवर पडली होती. शलाकाने हाक मारली, गालावर टिचक्या मारल्या, पाण्याचा हात फिरवला. श्वास होता. ती उठेना. तिच्या खालची गादी जराही दबलेली नव्हती; चादरीवरची घडीची रेघ तिच्या अंगाखालून तशीच सरळ गेली होती.

"अगं, गाढ झोपलीये. सरक, मी घेतो," जितेश म्हणाला आणि त्याने वाकून तिला उचललं.

त्याचे हात नको तितके वर गेले. तो तसाच उभा राहिला, पोरीला छातीच्याही वर धरून, आणि त्याने शलाकाकडे पाहिलं.

तिने वैदेहीला त्याच्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं, पिना उपटायचा पेचकस उचलला आणि जिना उतरली. जितेश तिच्या चपला हातात घेऊन मागे पळत होता. फोटोत जिता माणूस नको, हे एकच वाक्य तिच्या डोक्यात चाललं होतं. हार पडला नसू दे.

८

धर्मेशच्या अंगणात पंगत उठत होती. वाटाण्याच्या भाजीचा वास, पत्रावळी गोळा करणारी माणसं, कुणीतरी कुणाला तरी "तू तर आयच्या बारशापासून जेवतोस इथं" म्हणून चिडवत होतं. पुढच्या खोलीत ठमाबाई भिंतीवर गेली होती, आणि तिच्यासमोर स्टुलावर, हातात झेंडूचा भला मोठा हार घेऊन, धर्मेश उभा होता.

"थांब, धर्मेश."

सगळ्यांनी वळून पाहिलं. अनवाणी बाई, खांद्यावर झोपलेलं पोर, हातात पेचकस. आपण कशा दिसतोय हे शलाकाला कळत होतं, आणि तिने आपला धंद्यातला आवाज काढला. "कापड घट्ट करायचं राहिलंय. हाराचा भार पडला तर आणखी उतरेल."

"बघ, मी तेच बोल्ले ना," धर्मेशची बायको विनिता म्हणाली. "आयच्या मांडीत खड्डा पडलाय म्हटलं, तर बोलतो, तुजे डोले खराब."

खड्डा आता पंगतीतूनही दिसला असता. लाल निऱ्या सरळ आत गेल्या होत्या आणि त्यांच्यावर सावली धरली होती. उजवा हात वरून आलेला. ठमाबाई तिकडेच बघून हसत होती.

"घ्या ताई, करा घट्ट," धर्मेश म्हणाला आणि त्याने फोटो उतरवला. उतरवताना तो जरा कण्हला. "काय लाकूड वापरता ओ तुमी? सकाली एवढा जड नव्हता."

आतल्या खोलीत तांदळाच्या गोणी आणि पाहुण्यांच्या पिशव्या होत्या. धर्मेशने फोटो खाटेवर पालथा ठेवला आणि तो बाहेर गेला. शलाकाने दार लोटलं.

पालथं ठेवल्यावर झोळ खाली जायला हवा होता. तो वर राहिला. चार पट्ट्यांच्या मधे, मागच्या पांढऱ्या कापडात, एक गोलसर उंचवटा. शलाका बघत उभी राहिली. खांद्यावर वैदेही निपचित होती, तिचा हातही हलत नव्हता. आणि खाटेवर, त्या कापडात, काहीतरी संथपणे कुशीवर वळलं. उंचवट्याला क्षणभर एक लहानसं टोक आलं, टाचेएवढं. ते कापडावरून थोडं सरकलं आणि पुन्हा आत गेलं.

हात रीत विसरले नव्हते. उसवायचं ते उलट्या क्रमाने. आधी कोपरे, मग मधे. ती खालची बाजू उसवत गेली. पिन वर यायची, पेचकस पुढे सरकायचा. बाहेर विनिता कुणाला तरी भात आग्रहाने वाढत होती. प्रत्येक पिनेसरशी कापड सैल होत होतं, आणि आतलं जे होतं ते पायाच्या दिशेने घसरत होतं. शलाका एकाच हाताने काम करत होती. दुसऱ्या हाताने तिने पोरीला धरलं होतं, घट्ट. तिला दुसरं कसं धरता येत नव्हतं.

खालची शेवटची पिन निघाली. उंचवटा बसला.

तिच्या खांद्यावर एवढा भार आला की ती गोणीला पाठ लावून खालीच बसली. भार. गरम, ओलसर, कानाशी घोरणारा. मानेवर लाळ लागली होती. वैदेहीच्या छातीतली धडधड तिच्या छातीवर पडत होती. शलाका तोंडावर हात दाबून रडली, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

"झालं का, ताई?" दाराबाहेरून धर्मेश म्हणाला. "घाई नाय. हार काय पलत नाय."

वैदेहीने डोळे उघडले. ती आईकडे बघत नव्हती, तिच्या खांद्यावरून मागे, खाटेकडे बघत होती. शलाकानेही वळून पाहिलं. कापड तीन बाजूंनी अजून पिनांत होतं. खालची सुटलेली कड मात्र खाटेवर पडलेली नव्हती. थंडीत शेजारी कुणी निजायला येणार असलं की आपण गोधडी उचलून धरतो, तशी ती एका बाजूने उचललेली होती.

"आलीस ना?" शलाका वैदेहीला छातीशी आवळून म्हणाली. "आता कुठे जायचं नाही हं."

वैदेहीने झोपाळूपणे मान डोलावली. मग तिने आईच्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाली,

"तू पण ये ना, आई. तिने सरकून जागा केलीये."